जुना पत्ता

एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या कोडमध्ये प्रशिकने प्रत्येक आभासी संगणक आणि त्याला जोडलेला मायक्रोफोन, दोन्हींसाठी मेमरीचा, म्हणजे काय कुठे लिहायचं याचा, एकच नकाशा ठेवला होता. सोबत काम करणाऱ्या दीप्तीला ते पटलं नव्हतं. "संगणक बंद झाला, नकाशा पुसला, हे मायक्रोफोनले कोण सांगन गा? त्याले जुना पत्ता पाठ राहते." "तुले त नव्या माठातही भोक दिसते वं," तो म्हणाला. चाचणीत तिने एक आभासी संगणक बंद केला आणि त्याची मोकळी झालेली मेमरी दुसऱ्या आभासी संगणकाला दिली. तिथे शून्यं दिसायला हवी होती. आकडे हलत होते. ती खोकली, आकडे उसळले. बंद संगणकाचा मायक्रोफोन ऐकतच होता आणि ऐकलेलं परक्याच्या मेमरीत लिहीत होता. हाच कोड रामदासपेठेतल्या मानसोपचार केंद्रात चालणार होता. "पाठवला का?" तिने कुजबुजत विचारलं. आकडे थरथरले. प्रशिकने तोंड उघडलं, पडद्याकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली.