गायत्रीचं संमतीपत्र

"संमतीपत्र मांगी ऱ्हायनात," यामिनीने मोबाइल रतिलालच्या टेबलावर ठेवला.

"कोनं?"

"मन्हंच."

रतिलाल शहाद्याच्या तहसील कचेरीबाहेर, पत्र्याच्या टपरीत बसून प्रतिज्ञापत्रं टाइप करून द्यायचा. त्याने चष्मा कपाळावर ढकलला आणि मेसेज मोठ्याने वाचला. "प्रिय यामिनी, आपण विकलेल्या सात जुन्या पुस्तकांचे ४,२५० रुपये रोखण्यात आले आहेत. आपण दिलेले बँक खाते गायत्री ललित पाटील यांचे आहे. कृपया गायत्री यांचे संमतीपत्र किंवा दोघी एकच असल्याचा पुरावा आज सायंकाळी सहापर्यंत पाठवा. अन्यथा रक्कम ग्राहकास परत केली जाईल. आपले समाधान हाच आमचा आनंद."

गायत्री म्हणजे मीच, असं यामिनीने जुनी पुस्तकं विकायच्या त्या ॲपवाल्यांना चार वेळा कळवलं होतं. चारही वेळा हेच पत्र उलट आलं होतं, आनंदासकट. पुस्तकं केव्हाच नवापूरला पोचली होती. घेणाऱ्याने पाच चांदण्या देऊन 'पुस्तके उत्तम' असं लिहिलंही होतं. अशा शहाण्यांपेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, असं तिला वाटलं. भिंत निदान स्वतःचा आनंद सांगत बसत नाही.

रतिलालला मात्र यात काहीच नवल नव्हतं. पॅनकार्ड माहेरच्या नावाचं, बँकेचं पासबुक सासरच्या नावाचं, अशा बायका त्याच्याकडे आठवड्याला चार तरी यायच्या. लग्नात नवरीचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलणाऱ्यांच्या जिवावर त्याने घराला स्लॅब टाकला होता.

"शिक्क्यासकट सहाशे होतील, ताई. आणि ओळखणारा एक माणूस लागेल सहीला."

ओळखणारा माणूस दाराशी बाइकला टेकून पपईच्या भावावरून व्यापाऱ्याशी हुज्जत घालत होता. सहाशे ऐकताच तिच्या नवऱ्याने, ललितने, फोन खिशात टाकला आणि तो आत आला.

"चार हजारनी रद्दी, तिन्हाकरता सहाशेना कागद," तो रतिलालकडे बघून हसला. "मन्हा खाताना नंबर टाक म्हनं मी हिले. पाच मिनिटनं काम शे."

रद्दी हा शब्द माईंचा, म्हणजे त्याच्या आईचा. माईंच्या घरात काही वाया जात नसे. फाटक्या लुगड्याची गोधडी व्हायची, शिळ्या भाकरीचा कुटका व्हायचा. सुनेची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं त्या बारा रुपये किलोने भंगारवाल्याला देणार होत्या. त्यांनी काटासुद्धा मागवला होता. त्या काट्यावरून यामिनीने ती उचलून आणली आणि एकेका पुस्तकाचे फोटो काढून ॲपवर टाकली. अभ्यासिकेत खुर्चीचे महिन्याला आठशे पडतात. परीक्षेला पाच महिने उरले होते. ही खुर्ची तिला स्वतःच्या पैशाने हवी होती, कारण दुसऱ्याच्या पैशाने घेतलेल्या खुर्चीवरून पोळ्या लाटायला केव्हाही उठवता येतं.

आणि ललितच्या खात्याचा अनुभव तिला होता. मागच्या साली शिकवण्यांचे साडेपाच हजार त्यात 'थोडा दिनकरता' ठेवले होते. ते थोडे दिवस अजून संपले नव्हते. त्या पैशांचे टायर दाराशी उभ्या बाइकला होते, चांगले नवे, रेघसुद्धा झिजली नव्हती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, पण नागोबाला निदान आपण बिळात आहोत हे तरी कळत असेल.

"कागद करा," ती रतिलालला म्हणाली आणि पर्समधून सहाशे काढून टेबलावर ठेवले.

ललितने खांदे उडवले. "कर बापा. पोथ्या वाचीसन कोनी कलेक्टर व्हयनं व्हतं आपला गावमा?"

यामिनीने नोटा रतिलालच्या बाजूला आणखी थोड्या सरकवल्या.

रतिलालची बोटं सराईतपणे चालत होती. मजकूर त्याला पाठच होता. वय, पत्ता, यामिनी राजेंद्र पाटील व गायत्री ललित पाटील ही दोन्ही नावे माझीच असून. तिथे तो थांबला.

"यापुढे मी अमुक नावाने ओळखली जाईन, असं टाकावं लागतं. एक नाव कायम राहतं, एक जातं. कोणतं ठेवू?"

"हाई काय इचारानी गोष्ट शे का?" ललित म्हणाला. "गायत्री ठेव."

रतिलालने 'गा' टाइप केला.

"यामिनी ठेवा," यामिनी म्हणाली.

रतिलालची बोटं तशीच वर राहिली. त्याने आधी ललितकडे पाहिलं, मग टेबलावरच्या सहाशे रुपयांकडे, आणि 'गा' खोडला.

ललितचं हसू अर्ध्यावर अडकलं. "ओ, ते नाव मी ठेयेल शे. भर मांडवमा, ताटमा तांदूय पसारीसन, सोनानी अंगठीवरी लिखेल शे. पाचशे मान्सेस्नी देखेल शे."

यामिनीने मोबाइल उचलून पर्समध्ये ठेवला. आवाज न चढवता, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं ती म्हणाली,

"त्या तांदूय माईस्नी दुसराच दिन खिचडीमा टाकी दिधात. तुमीबी खाधात."