बरोबरीचा उजेड

पंचाहत्तरी ओलांडली तरी आत्याचा एक तोरा कायम होता. “रोज संध्याकाळी या भाचा-भाचीच्या बरोबरीनं चालते, एक पाऊल मागे पडत नाही,” असं ती घरी येईल त्याला सांगायची.

त्या दुपारी भाची सहा मॉनिटर एकमेकांना खेटून भिंतीवर बसवत होती. सहांचा मिळून एक मोठा पडदा आणि त्यावर अख्ख्या शहराचा नकाशा.

“भिंत शाबूत ठेवलीस तरी मिळवली,” आत्या खुर्चीतून म्हणाली.

पाच मॉनिटर नवे होते, सहावा आत्याच्या जुन्या कॉम्प्युटरचा. नकाशा उमटला, पण जुन्या मॉनिटरवरचा तेवढाच कोपरा अंधुक, मळकट दिसू लागला.

“काढून टाक गं तो. म्हातारा झालाय, सगळ्यांची शोभा घालवतोय.” बोलताना आत्याचा आवाज जरा उतरला.

“काढायचा कशाला? त्याचा उजेड वाढत नाही, पण बाकीच्यांचा कमी करता येतो की.” भाचीनं पाचही मॉनिटरांचा उजेड हळूहळू उतरवला. नकाशा एकसारखा झाला. जुना कोपरा कुठला, तेही ओळखू येईना.

“आणि त्या पाचांना चालतं होय?”

“न चालायला काय झालं? चित्र सगळ्यांचं एकच आहे ना!”

संध्याकाळी आत्या भाची आणि भाच्याबरोबर नेहमीसारखी फिरायला निघाली. वळणापाशी तिनं मुद्दाम आपली चाल आणखी धीमी केली. दोघांची पावलं आपसूक हळू झाली. गप्पा मात्र तशाच चालू राहिल्या.