घरच्या माणसाने भरायचा फॉर्म

"तेच ते पुन्हा विचारते, हो. सांगितलेलं सारखं सांगते, हो. बोलता बोलता मध्येच थांबते, हो." डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "वीस प्रश्न, वीसही हो. तुमच्या यजमानांनी भरलाय."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. आत्ताच ती चाळीस मिनिटं त्या धडधडणाऱ्या मशीनमध्ये पडून आली होती. नाकाला खाज सुटली तरी हलायची सोय नाही. तिच्या आईला विस्मरणाचा आजार जडला होता आणि त्याचा धोका वाढवणारं जनुक हिच्यातही निघालं होतं. अशा, पण अजून ठणठणीत असलेल्या माणसांच्या मेंदूचे दरवर्षी फोटो काढायचे, म्हणजे आजार कधी शिरतो ते कळेल, असा हा अभ्यास. आईसाठी काही करता आलं नाही, निदान पोरीसाठी तरी, म्हणून ती आली होती. एरवी औषधांच्या दुकानात कामाला. शेकडो गोळ्यांची नावं तिला तोंडपाठ.

"फोटो अगदी स्वच्छ आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पण मशीनला वागणं दिसत नाही, म्हणून घरचं माणूस लागतं. हे खरं असेल तर तुम्हाला निरोगी गटात ठेवता येणार नाही. आणि औषधं हातात देण्याचं कामही... थांबवावं लागेल."

ती तडक बाहेर गेली. नवरा बाकावर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. फॉर्म म्हणे त्याने चार मिनिटांत उरकला.

"अहो, मी तेच ते पुन्हा विचारते?"

"विचारतेसच की! आईकडे येता का म्हणून काल पाच वेळा विचारलंस."

"आणि तुम्ही उत्तर किती वेळा दिलंत?"

त्याचा अंगठा काचेवर सरकत राहिला.

"अहो!"

"हं? काय म्हणालीस?"

शी! एकोणीस वर्षं हेच. गॅस संपला, हे तीनदा सांगायचं. पोरीच्या शाळेत बोलावलंय, हे चारदा. वाक्य अर्ध्यावर सोडायचं, कारण हे महाशय उठून गेलेले. आणि आता त्यालाच आजार म्हणून लिहून मोकळे! बाकावर त्याच्या शेजारी बसायचीही तिला शिसारी आली. ती आल्या पावली आत गेली.

"हा कागद खरा धरू नका," ती डॉक्टरांना म्हणाली. "एकोणीस वर्षांत या माणसाने माझं एक वाक्य पुरतं ऐकलेलं नाही. एकदा सांगून ऐकलं असतं, तर मी कशाला पुन्हा पुन्हा बोलले असते?"

डॉक्टरांनी कोरा फॉर्म पुढे ओढला. "बरं. दुसरं कोणी सांगा. तुमच्याशी रोज बोलणारं, तुमचं नीट ऐकून घेणारं."

तिने आठवून बघितलं. पोरगी हॉस्टेलवर, तिचं 'हो गं, नंतर बोलते'. दुकानाचे मालक मालापलीकडे बोलत नाहीत. बहीण सणकी, फोनवर स्वतःचंच दळण दळते. डॉक्टरांनी पेन तसंच धरून ठेवलं होतं.

"आहे एक," ती शेवटी म्हणाली. "माझी आई. रोज संध्याकाळी तासभर हात हातात घेऊन माझं सगळं ऐकते. फक्त मी कोण, ते तिला आठवत नाही."