सनईचं लायसन्स

“अगं, सनईचा ट्रॅक वाजतच नाहीये! प्लगइन बंद दाखवतंय. उद्या गाणं द्यायचंय मला,” संगीतकार फोनवर ओरडले.

बाबांनी वीस वर्षं त्यांच्याकडे सनई वाजवली. बाबांचा एकेक सूर रेकॉर्ड करून, कॉम्प्युटरवर हुबेहूब त्यांची सनई वाजवणारं ते प्लगइन मीच बनवलं, हौसेनं. ते मिळाल्यावर त्यांनी बाबांना परत कधी बोलावलं नाही. आज सकाळी मी फक्त त्यांचं ते वापरायचं लायसन्स रद्द केलं होतं.

“नाहीतर असं कर, तुझ्या बाबांनाच पाठव. तासाभराचं काम आहे.”

“बाबा गेले, सर. बारा दिवस झाले.”

“अरेरे!” ते हळहळले.  क्षणभर मला वाटलं, द्यावं चालू करून.

“मग... प्लगइन होईल ना आज चालू?”

“नाही,” मी म्हणाले. मुळात तेवढं सांगायलाच मी फोन उचलला होता.