मालिशीचं तेल

बाईनं ऑलिव्ह तेल मागताच मन्मथअप्पांनी दुकानामागच्या घराकडे तोंड करून हाक दिली, “अगं, पाळणा हलला! टोपडं आण.”

उदगीरच्या त्या किराणा दुकानात हे तेल वर्षानुवर्षं छोट्या डब्यातच यायचं, तेही बाळांच्या मालिशीपुरतं. अप्पांना मूलबाळ नव्हतं. पण डबा विकला गेला की त्यांची बायको हातानं शिवलेलं टोपडं घेऊन बाहेर यायची आणि बाळ कुणावर गेलंय ते हौसेनं विचारायची.

“बाळ कुठलं, अप्पा? भाजीला हवंय, मोठी बाटली द्या,” बाई हसली. “आता घरोघरी खातात हे तेल. तुम्ही अजून पाळण्यातच!” मग तिच्या ध्यानात आलं, काकूंना जाऊन महिनाही झाला नव्हता. तिनं हसू आवरून पिशवी पुढे केली.

अप्पांनी बाटली पुसून तिच्या पिशवीत ठेवली, पण पिशवी हातातून सोडली नाही.

“घाई आहे का?”

“नाही. का हो?”

“मग थांब जरा. हाक दिल्यावर यायला तिला वेळ लागायचा. तेवढा वेळ कुणीतरी जवळ असू दे.”