खांबावरचा कावळा

कावळा समोर होता आणि येत नव्हता. तळ्याकाठच्या दिव्याच्या खांबावर बसून तो पिंडाकडं बघत होता, मान वाकडी करून पुन्हा बघत होता, पण खाली उतरायचं नाव घेत नव्हता.

भगवंतरावांचा आज दहावा. मुलगा युवराज ओला पंचा नेसून हात जोडून उभा होता. मुंडण करून, मिशी उतरवून तो सकाळी समोर आला तेव्हा त्याची आई, कुसुमताई, दचकल्याच होत्या. "कोण पाहिजे?" असं विचारून बसल्या होत्या पोटच्या मुलाला.

डोक्यावरून विमान गेलं. इतकं खालून, की पोटावरची अक्षरं वाचता यावीत. श्रीकांत गुरुजींचा मंत्र तोंडातच राहिला, द्रोणातलं पाणी थरथरलं. कावळा मात्र ढिम्म. त्याला विमानांची सवय झाली होती. भगवंतरावांना मरेपर्यंत झाली नाही.

बिदरकडून येऊन हैदराबादबाहेरच्या या वस्तीत त्यांनी घर बांधलं, तेव्हा रात्री फक्त बेडूक ओरडत. मग पलीकडं विमानतळ झाला. झोप गेली, कान गेले, वाळत घातलेल्या धोतरावर काळी भुकटी बसू लागली. शहरात कोठी भागातल्या डॉक्टरनं कान तपासले आणि घर बदला म्हणाला, जणू घर म्हणजे सदरा. भगवंतराव अर्ज घेऊन कचेऱ्या हिंडले. कुठं उद्या या म्हणाले, कुठं हसले. आणि ते असे हिंडत असतानाच युवराजला विमानतळावर कंत्राटी नोकरी लागली.

"ज्यानं माझी झोप नेली, त्याचंच मीठ खातोस?" एवढं बोलून बापानं जो अबोला धरला, तो सरणापर्यंत. नोकरी कसली, हेसुद्धा विचारलं नाही. युवराजनंही सांगितलं नाही. त्याच्या शर्टाला फटाक्याच्या दारूचा वास येतो, एवढंच घरात ठाऊक होतं.

वस्तीत हल्ली कुणाच्याच पिंडाला कावळा शिवत नसे. गुरुजी दर्भाचा कावळा करून वेळ निभावून न्यायचे. शेजारच्या लक्ष्मणरावांचं तसंच झालं. त्यांची बायको अजून म्हणते, काहीतरी मनात ठेवून गेले. आज निदान एक तरी कावळा आला होता. म्हणूनच कुसुमताईंचा जीव खालीवर होत होता. माणूस जन्मभर तळमळला, आता तरी सुटू दे.

"बाबा, आईला मी सिकंदराबादला नेते," मुलगी त्रिवेणी हात जोडून म्हणाली. "तिथं रेल्वे वाजते, पण डोक्यावरून तर जात नाही."

कावळा हलला नाही.

"तुमचा अर्ज मी चालवतो, दादा," धाकटे भाऊ हिम्मतराव म्हणाले. "आता माझ्या चपला झिजू दे."

कावळ्यानं खांबावर चोच घासली. मग सगळ्यांनी युवराजकडं पाहिलं.

"खामोश काय उभा राहिला रे?" हिम्मतराव म्हणाले. "बोल की. तुझ्याशीच अबोला होता ना?"

युवराजनं घसा खाकरला. "बाबा, नोकरी सोडतो. उद्याच सोडतो." आणि ते तो मनापासून बोलला. बोलता बोलता पिंडाकडं एक पाऊल सरकला. कावळा फडफडत खांबावरून उठला आणि पार लांबच्या तारेवर जाऊन बसला.

पाहुण्यांनी माना वळवल्या. गुरुजींनी दर्भाची काडी उचलली. "उशीर होतोय, ताई. करू का?"

"नक्को. थांबा हो जरा." कुसुमताईंनी मुलाकडं बघायचं टाळलं. "युवराज, बाळा, तू जरा लांब जा. इथून दिसू नको."

तो गेला. पंचा सावरत रस्त्यावरच्या ऑटोंमागं जाऊन खाली बसला. फार वेळ लागला नाही. आधी पंखांची फडफड ऐकू आली, मग त्रिवेणीचं रडणं, मग हिम्मतरावांचं "शिवला! शिवला!"

कुसुमताई डोळे पुसत त्याच्याकडं आल्या. त्याच्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सुटले बघ ते. पण जाता जाताही तुझं तोंड बघायचं नव्हतं रे त्यांना."

युवराजच्या अगदी ओठावर आलं होतं. आई, रुसले ते बाबा नाहीत. विमानाच्या वाटेत पाखरू येऊ नये म्हणून याच तळ्यावर बार उडवून कावळे हाकलायचे, झाडावरची घरटी पाडायची, हीच तर माझी नोकरी. कुणाचा पिंड असला की पहाटेच येऊन सगळा काठ साफ करतो मी. पण हे सांगितलं असतं, तर लक्ष्मणरावांना कुणी उपाशी ठेवलं, तेही सांगावं लागलं असतं. त्यांच्या बायकोला सांगावं लागलं असतं, सगळ्या वस्तीला सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा बापाचा राग स्वस्त होता. तो त्यानं मुकाट्यानं घेतला.

आईचा हात धरून तो उठला आणि ऑटोंमागून बाहेर आला. पिंडाचा भात टिपणाऱ्या कावळ्यानं मान वर केली, त्याच्याकडं पाहिलं आणि भात तिथंच टाकून उडून गेला. डोकं भादरलेलं होतं, मिशी उतरवलेली होती. सकाळी आई चुकली होती. कावळा चुकला नाही.