घट्ट होतेय का?

“एकतर सर राहतील, नाहीतर मी,” असं आमच्या हुकमी खेळाडूनं कमिटीला ठणकावलं आणि कमिटीनं कोचसरांना नारळ दिला. आम्ही बाकीचे मिठाची गुळणी धरून बसलो. सरांचा गुन्हा एवढाच, की घोटा सुजला म्हणून त्यांनी त्याला बास्केटबॉलच्या फायनलला बाकावर बसवलं होतं. आज सर कपाट रिकामं करायला आले, तेव्हा तो स्वतःच घोट्याला पट्टी बांधत होता. चार वर्षं हे काम सरांचं. वेडीवाकडी पट्टी बघून त्यांना राहवलं नाही. खाली बसून त्यांनी त्याचा पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली आणि नीट बांधली. “घट्ट होतेय का?” त्यांनी नेहमीसारखंच विचारलं. कितीही कळ आली तरी तो ‘नाही’च म्हणायचा. आज पट्टी अचूक बसली होती. तरी तो खाली बघत म्हणाला, “होतेय. पुन्हा बांधा ना, सर.”